रोमन चांदीच्या नाण्याची ओळख : राधानगरीच्या एका नाण्याच्या निमित्ताने

प्राचीन कोल्हापूरच्या व्यापारावर पदव्युत्तर विद्यार्थी जे प्रबंध लिहितात, त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार वाचावयास मिळते. कोकणच्या बंदरांत उतरलेला रोमन माल फोंडा घाटाने वर चढत असे, राधानगरीवरून भोगावतीच्या काठाकाठाने ब्रह्मपुरीस येत असे, आणि त्याबरोबर रोमन चांदीचे नाणेही येत असे, असे ते वाक्य होय. ह्या वाक्याचे दोन भाग पडतात. मार्गाविषयीचा पूर्वार्ध भूगोलास धरून आहे. घाट आहे, नदीचे खोरे आहे, आणि भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगा होऊन ब्रह्मपुरीच्या टेकडीखालूनच वाहते. चांदीविषयीचा उत्तरार्ध मात्र कोणी सिद्ध केलेला नाही. पूर्वार्धाच्या पदरास बांधलेला असल्यामुळे तो बिनबोभाट खपून जातो, इतकेच.

ह्या उत्तरार्धास प्रत्यक्ष पुरावा सापडल्याचे काही काळापूर्वी एका विद्यार्थिनीने मोठ्या आनंदाने आम्हांस सांगितले. तिचे घर राधानगरी तालुक्यातील. घरच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, चांदीचे म्हणून समजले जाणारे एक लहान गोल नाणे पूजेत होते. त्याच्या एका बाजूस पुरुषाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली स्त्री. घरची माणसे तिला लक्ष्मी म्हणत आणि दर दिवाळीस नाणे चिंचेने घासून लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवीत. विद्यार्थिनीने भिंगाखाली अक्षरे लावली, ग्रंथालयातील सूची चाळली आणि नाणे टायबेरियसचे असल्याचा निर्णय दिला. नाण्याचा प्रकार तिने अचूक ओळखला होता. नाणे मात्र खोटे होते. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते रोमन नाण्यांविषयी मराठीत जो घोटाळा होतो, त्याचे मूळ ह्याच ठिकाणी आहे.

प्रथम प्रकाराविषयी. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यास लॅटिनमध्ये जे नाव आहे, ते आपण मराठीत दिनारियस असे लिहू. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द त्यावरूनच आला. परंतु गुप्तकालीन लेखांत दीनार म्हटले म्हणजे सोन्याचे नाणे समजावयाचे. रोमन लोक आपल्या सोन्याच्या नाण्यासही ‘सोन्याचा दिनारियस’ म्हणत, त्यामुळे शब्दाने धातू बदलला असावा. लेखात ‘दीनार’ वाचून रोमन चांदी गृहीत धरणे ही ओळखीची पहिली चूक होय, आणि ती नाणे हातांत घेण्यापूर्वीच होते.

भारतातील दिनारियस-निधींत दोनच प्रकार बहुसंख्येने आढळतात. पहिला ऑगस्टसचा. त्याच्या दर्शनी बाजूस पुष्पमुकुट घातलेले मस्तक असून भोवती ‘काएसार आउगुस्तुस दिवि फ. पातेर पात्रिए’ असा लेख असतो. ह्यांतील ‘पातेर पात्रिए’ म्हणजे देशाचा पिता, ही पदवी ऑगस्टसला इ. स. पू. 2 मध्ये मिळाली. तेव्हा ही नाणी त्याआधीची असणे शक्य नाही. मागील बाजूस गायस व लूशियस हे त्याचे दत्तक पुत्र समोरासमोर नव्हे, तर आपल्याकडे तोंड करून उभे आहेत. दोघांचा एकेक हात ढालीवर आहे, ढालींमागे भाले आहेत, आणि वर मोकळ्या जागेत यज्ञकर्मातील पळी व शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. दुसरा प्रकार टायबेरियसचा. दर्शनी बाजूस ‘ति. काएसार दिवि आउग. फ. आउगुस्तुस’, म्हणजे दैवी ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस. मागील बाजूस ‘पोंतिफ माक्सिम’, म्हणजे प्रमुख पुरोहित, आणि हातांत राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. हीच आमच्या राधानगरीच्या घरातील लक्ष्मी. ही स्त्री टायबेरियसची माता लिव्हिया असावी असे पुष्कळांचे मत असून काहींच्या मते ती शांतिदेवता आहे. दोन्ही प्रकार सामान्यतः आजच्या फ्रान्समधील लिओं येथील टांकसाळीचे मानले जातात.

ह्या लेखांत कालगणनेचा निर्देश नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या अधिकारपदाचे वर्ष दिलेले असते, त्यामुळे नाणे एका वर्षापर्यंत निश्चित करता येते. टायबेरियसच्याच चार घोड्यांच्या रथाच्या प्रकारावर ते आहे. परंतु ‘पोंतिफ माक्सिम’ प्रकार इ. स. 14 ते 37 ह्या तेवीस वर्षांच्या राजवटीत निघत राहिला आणि त्यावर वर्ष कधीच घातले गेले नाही. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, खुर्चीखाली एक रेघ की दोन, ह्यांवरून सदरलंड यांनी ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’च्या पहिल्या खंडाच्या 1984 च्या सुधारित आवृत्तीत त्याचे गट पाडले आहेत, विद्यार्थिनीने दिलेला तिसावा क्रमांक त्यांतलाच. मॅटिंग्ली व सिडनहॅम यांची 1923 ची आवृत्ती अजून पुष्कळ ग्रंथालयांत आहे आणि तिचे क्रमांक निराळे आहेत. क्रमांक देताना कोणती आवृत्ती हे न लिहिणारे टिपण निरुपयोगी समजावे.

चेहऱ्यावरून सम्राट ओळखण्याचा मोह आवरावा, असेही येथे सांगणे प्राप्त आहे. ऑगस्टस साठी उलटल्यावरही नाण्यावर तरुणच राहिला. झिजलेल्या नाण्यावर त्याचे व टायबेरियसचे मस्तक सहज एकमेकांचे म्हणून खपते. मस्तक चित्रकाराचे असते, लेख राज्याचा असतो; म्हणून लेखातील एखाददुसरे अक्षर शिल्लक असेल तर ते संपूर्ण चेहऱ्यापेक्षा अधिक मोलाचे मानावे.

आता वजनाकडे वळू. प्लिनीने सिंहलद्वीपाच्या राजाची एक हकीकत दिली आहे. क्लॉडियसच्या काळी वादळाने भरकटून तेथे पोहोचलेल्या एका रोमन माणसापाशी जी नाणी मिळाली, त्यांवरील मुखे वेगवेगळ्या राजांची असूनही सर्वांचे वजन सारखे, हे पाहून त्या राजास रोमनांच्या सचोटीचे आश्चर्य वाटले. हकीकत कितपत खरी ते सोडून देऊ. पण रोमन नाण्याची परीक्षा करणारा हा आपल्या बाजूचा पहिला परीक्षक होय, आणि त्याने मुख पाहून न थांबता तराजू हातात घेतला हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ऑगस्टसच्या व टायबेरियसच्या काळी एका रोमन पौंडातून 84 दिनारियस पाडीत. त्या हिशोबाने एकाचे वजन सुमारे 3.9 ग्रॅम होते. आपल्या जुन्या मापात सांगावयाचे तर बरोबर चार मासे, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. प्रत्यक्षात झिजेमुळे ते थोडे कमी भरते. इ. स. 64 मध्ये नीरोने पौंडातून 96 नाणी पाडावयास प्रारंभ केला व धातूतही तांब्याचे प्रमाण वाढविले. तेव्हापासून वजन 3.4 ग्रॅम, म्हणजे साडेतीन मासे झाले. नहपान क्षत्रपाचे चांदीचे नाणे दोन-सव्वादोन ग्रॅमचे आहे. इंग्रजी अमदानीतील चांदीची पावली आकाराने दिनारियसएवढी दिसते; पण ती तीन माशांची, पातळ आणि कडेने दातेरी. एवढे चार आकडे पाठ असले, तर देव्हाऱ्यातून वा सोनाराच्या पेटीतून निघालेल्या शंकास्पद नाण्यांपैकी बरीचशी प्राथमिक तपासणीतच बाजूला काढता येतात.

राधानगरीचे नाणे 3.1 ग्रॅम भरले. झिजून इतके वजन उतरावयाचे तर मस्तक सपाट व्हावयास हवे होते. येथे कानाची पाळीसुद्धा स्पष्ट होती. पुढची परीक्षा पाण्यातील वजनाची. चांदीचे विशिष्ट गुरुत्व साडेदहा, तांब्याचे नऊहून किंचित कमी, कथलाचे सव्वासाताच्या आसपास. प्राचीन काळीही तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून दिनारियस बनवीत, आणि तशी नाणी भारतातही सापडतात. म्हणून गुरुत्व कमी आले एवढ्यावरून नाणे आधुनिक ठरत नाही. परंतु येथे गुरुत्व तांब्याच्याही पुष्कळ खाली आले. कडेवर भिंग धरल्यावर साच्याच्या दोन भागांची जोडरेषा दिसली. ती कानशीने घासून लपविण्याचा प्रयत्न झाला होता. ठोकलेल्या नाण्यात धातू ठशाच्या दाबाने अक्षरांच्या बाजूस ओढला जातो व कडेस बारीक चिरा पडतात. ह्या नाण्यात तसे काही नसून पृष्ठावर ओतकामाची सूक्ष्म छिद्रे होती. नाक व गाल ह्या उंच जागी चांदीचा मुलामा उडून खालचा करडा धातू उघडा पडला होता. घरच्यांनी तो करडेपणा प्राचीनत्वाची खूण मानला होता. थोडक्यात, टायबेरियसच्या नाण्याची ती ओतीव आधुनिक प्रतिकृती होती. नव्या करारातील कराच्या नाण्याच्या प्रसंगाशी ह्या प्रकाराचा संबंध जोडला जात असल्याने त्याच्या प्रतिकृती यात्रेकरूंसाठी व हौशी लोकांसाठी जगभर निघतात, आणि प्रतिकृती असल्याची खूण सर्वांवर असतेच असे नाही.

एक गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो. हे सर्व करताना नाण्यास कानस लावलेली नाही, की कसोटीवर घासलेले नाही. गुजरीतील अनुभवी सोनार एका घासणीत सांगेल ते आम्हांस अर्धा दिवस लागला. पण खरे नाणे असते तर ती एक घासणी त्यावर कायमची राहिली असती.

विद्यार्थिनीचा पुढील प्रश्न रास्त होता. नाणे खरे निघाले असते, तर वाक्य खरे ठरले असते काय? आमचे उत्तर नकारार्थी होते, आणि ह्या नकाराची कारणे खोट्या नाण्याच्या कारणांहून अधिक महत्त्वाची आहेत.

रॉबर्ट स्यूएल यांनी 1904 मध्ये भारतातील रोमन नाण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, ती अनेक दशके ह्या विषयाचा पाया समजली गेली. यादी म्हणून तिचे मोल मोठे आहे. परंतु स्यूएल यांनी नाण्यावरील सम्राटाचा काळ तोच त्या नाण्याच्या आगमनाचा काळ धरला, आणि नीरोनंतरची चांदी येथे फारशी सापडत नाही यावरून नीरोनंतर व्यापार ओसरला असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतून अद्यापि हटलेला नाही. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने विचार केला की त्यातील दोष दिसतो. इ. स. 64 नंतर बाजारात दोन प्रकारचे दिनारियस फिरत होते, एक जुने, जड व शुद्ध. दुसरे नवे, हलके व हिणकस. रोममध्ये दोघांची किंमत एकच. परदेशात जेथे नाणे तोलून घेतले जाते, तेथे कोणते न्यावे हे कोणत्याही वाण्यास सांगावे लागत नाही. जर्मन टोळ्या दातेरी कडेची व दोन घोड्यांच्या रथाची जुनी नाणीच पसंत करीत, असे टॅसिटसने लिहिले आहे. भारतीय सराफ त्यांच्याहून कमी चाणाक्ष होते असे मानण्याचे कारण नाही. तेव्हा टायबेरियसचे नाणे टायबेरियसच्या मृत्यूनंतर तीस-चाळीस वर्षांनीही येथे आलेले असू शकते. ट्रेजनने इ. स. 107 च्या सुमारास झिजलेली जुनी नाणी गोळा करून वितळविली. त्यानंतर तसे नाणे मोठ्या प्रमाणात मिळणेच कठीण झाले. मॅकडोवल यांनी ह्या दिशेने जो विचार मांडला आहे, तो आम्हांस स्यूएल यांच्या मतापेक्षा पुराव्यास अधिक धरून वाटतो. नाण्याचा लेख सांगतो तो काळ म्हणजे ‘ह्यापूर्वी नव्हे’ अशी मर्यादा होय. ती आगमनाची तारीख नव्हे.

दुसरा प्रश्न स्थळाचा. दिनारियसचे मोठे निधी कोठे सापडले आहेत ते पाहावे. कोइमतूरच्या परिसरात वेल्लालूर येथे 1842 मध्ये 522 नाणी मिळाली. बंगलोरजवळ यशवंतपूर येथे 1891 मध्ये 163 मिळाली. नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ले येथील निधीत 1531 नाणी होती; परमेश्वरीलाल गुप्त यांनी 1965 मध्ये आंध्रातील रोमन नाण्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत ती वर्णिलेली आहेत. चितळदुर्गाजवळ चंद्रवल्ली येथे उत्खननातच ऑगस्टस व टायबेरियस यांचे दिनारियस मिळाले. पॉला टर्नर यांनी 1989 मध्ये सर्व निधींची जी नव्याने छाननी केली, तिच्यातील नकाशा डोळ्यांसमोर आणला तर चांदी दक्षिणेत दाट आहे. पश्चिम महाराष्ट्र जवळजवळ मोकळा आहे.

आणि तरीही ‘पेरिप्लस’चा अज्ञात कर्ता, जो स्वतः व्यापारी होता व इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ह्या किनाऱ्यावर वावरलेला होता, तो स्पष्ट सांगतो की सोन्याचे व चांदीचे दिनारियस भडोचला आणतात व तेथील चलनाशी अदलाबदल करून काही नफा मिळवतात. ग्रंथ म्हणतो चांदी भडोचला आली. निधी म्हणतात ती दक्षिणेत आहे. ह्या विसंगतीचे एक उत्तर असे दिले जाते की भडोचच्या पाठीमागील प्रदेशात क्षत्रपांचे स्वतःचे चांदीचे चलन होते, व आलेली रोमन चांदी त्यांच्या टांकसाळीत आटविली गेली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत तेरा हजारांहून अधिक नाणी नहपानाची होती. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. इतकी चांदी पश्चिम दख्खनमध्ये कोठून आली, हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. स्कॉट यांनी तो निधी प्रसिद्ध करताना नहपानाच्या नावाखाली येणारी मुखे एकमेकांशी जुळत नाहीत हे नोंदविले, आणि ती रोमन नाण्यांवरून घेतली असावीत अशी शंका व्यक्त केली. म्हणजे नाशिकला रोमन दिनारियस नसला, तरी त्याची चांदी व त्याचे मुख तेथे असणे अशक्य नाही. मात्र हे अनुमान आहे. आटविलेल्या नाण्यास नाव राहत नाही.

हे उत्तर कोल्हापूरला लागू करता येईल काय? आमच्या मते नाही, आणि येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. कोल्हापूरचे प्राचीन चलन शिशाचे होते. ब्रह्मपुरीच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकातच जी नाणी मिळाली, ती ‘कुर’ राजांची, म्हणजे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर यांची आहेत. धनुष्यबाण, टेकडी व झाड ही त्यांची चिन्हे. टॉलेमीने हिप्पोकूर येथे राज्य करणारा म्हणून उल्लेखिलेला बलेओकूरोस हाच विळिवायकुर, असे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी सुचविले. हिप्पोकूर म्हणजे कोल्हापूर काय, हा वाद वेगळा. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की ज्या प्रदेशाचा व्यवहार शिशावर चालत होता, तेथे चांदीचे परके नाणे आटवून चांदीचे देशी नाणे पाडण्याचे कारण दिसत नाही. सातवाहनांनी चांदीची मुखांकित नाणी पाडली हे खरे, सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये यज्ञश्रीचे तसे नाणे मिळाले होते; पण ते क्षेत्र क्षत्रपांच्या चलनाला लागून असलेले उत्तर कोकण होय. तेव्हा ‘चांदी येत होती, परंतु आटविली गेली’ हे नाशिककडील वाक्य उचलून भोगावतीच्या खोऱ्यात आणून ठेवणे अयोग्य आहे. दागिन्यांसाठी आटविली असे म्हणता येईल. तसे असेल तर ती चलन म्हणून आली नव्हती असेच ठरते, आणि प्रबंधातील वाक्य पुन्हा पडते.

मग रोमशी कोल्हापूरचा संबंध नव्हता काय? होता, आणि त्याचा पुरावा कोणत्याही दिनारियसपेक्षा अधिक बोलका आहे. 1944 मध्ये ब्रह्मपुरीस प्रा. कुंदनगार यांच्या कामात काशाच्या वस्तूंचा जो संच निघाला, त्यांत पोसायडन ह्या समुद्रदेवतेची लहान मूर्ती, मूठ असलेला सुरईसारखा चंबू व आरसा ह्या वस्तू होत्या. त्याच संचात हत्तीवरील स्वारांसारख्या देशी घडणीच्या वस्तूही होत्या. 1945-46 मध्ये सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे रीतसर उत्खनन केले व 1952 मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कार्ल खंडालावाला यांनी 1960 मध्ये ह्या संचाची चिकित्सा केली, पुढे डी प्यूमा यांनी रोमन वस्तूंचा रोमन बाजूने अभ्यास केला. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडनसमोर उभे राहिल्यावर विद्यार्थ्याच्या मनात पहिला विचार येतो तो व्यापाऱ्याचा. परंतु ही मूर्ती कोणत्या वाटेने आली, कोणी आणली, किती हात बदलून आली, हे मूर्ती सांगत नाही. ती फोंडा घाटाने आली असेल. पेरिप्लसमधील बायझँटिअन हे बंदर म्हणजे विजयदुर्ग असे मानणाऱ्यांना तो मार्ग सोयीचा वाटेल. ती तेरकडून देशावरच्या वाटेनेही आली असेल. बंदरांच्या ओळखी अनिश्चित असता त्यांवर घाट उभा करणे आणि घाटावर चांदी उभी करणे, हे बांधकाम पायाविना आहे.

तेरचा उल्लेख आला आहे, म्हणून एक अवांतर गोष्ट. तेरला व तेलंगणात कोंडापूरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदके सापडतात. त्यांना ओवण्यासाठी कडी किंवा भोक असते. टायबेरियसचे मुख मातीत उठवून गळ्यात घालणाऱ्या माणसास टायबेरियस कोण हे माहीत असण्याची गरज नव्हती. ही गोष्ट ज्यांस चमत्कारिक वाटते, त्यांनी आपल्या घरातील पुतळ्यांची माळ पाहावी. ती पुतळी म्हणजे व्हेनिसच्या डुकाताचे वंशज. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आपल्याकडे पुतळी झाला, सोनारांनी त्याच्या नकला केल्या, आणि आज माळेतील क्वचितच एखादी पुतळी व्हेनिसला ठोकलेली असेल. कोल्हापुरी साजाशेजारी ती माळ घालणाऱ्या बाईवरून कोणी राधानगरी व व्हेनिस यांच्या व्यापारावर प्रबंध लिहिणार नाही. टायबेरियसच्या बाबतीत मात्र आम्ही तसे करण्यास तत्पर असतो. रोमचे नाव आले की आपली परीक्षकबुद्धी थोडी सैल पडते, असे आम्हांस वाटते. त्यात आपल्या गावास प्राचीन जगाच्या नकाशावर जागा मिळावी ही इच्छा असते, आणि ती इच्छा वाईट नाही. पुरावा म्हणून मात्र ती चालणार नाही.

राधानगरीच्या खोऱ्यात उद्या खरा दिनारियस सापडणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. सापडला, तर त्याच्याबरोबर काय सापडले, कोणत्या थरात, मडक्यात की मोकळा, एक की अनेक, हे प्रथम नोंदले पाहिजे. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे हे तर कर्तव्यच आहे. जमिनीतून निघालेले एक झिजके नाणे, ज्यावर केवळ ‘माक्सिम’ एवढीच अक्षरे शिल्लक आहेत, ते देव्हाऱ्यातील शंभर स्वच्छ नाण्यांपेक्षा ह्या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकील. स्थळाची नोंद गेली की नाणे संग्रहाचे राहते, इतिहासाचे राहत नाही.

आमच्या विद्यार्थिनीने शेवटी तेच केले. तिने नाण्याच्या स्थळाची चौकशी घरी केली. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हा शब्द आजीपुढे टिकला नाही. आजीने सांगितले की सासरे मुंबईस गोदीत कामाला होते. एका सुटीत गावी येताना ते नाणे कनवटीस लावून आले, आणि त्यावर बाईची आकृती पाहून आजीनेच ते देवांत ठेवले. म्हणजे नाणे समुद्रमार्गे आले हे अनुमान बरोबर असण्याचा संभव आहे. फक्त बंदर चुकले आणि शतके चुकली. चांदीविषयीचे वाक्य प्रबंधातून काढून टाकले. त्याजागी शिशाच्या नाण्यांवर एक प्रकरण आले, आणि ते प्रकरण, आमच्या मते, संपूर्ण प्रबंधातील सर्वांत चांगले आहे. देव्हाऱ्यातील नाण्याची नोंद तिने परिशिष्टात अशी केली आहे : ‘टायबेरियसच्या दिनारियसची आधुनिक ओतीव प्रतिकृती; कथलाचे मिश्रण, वर मुलामा; वजन 3.1 ग्रॅम, मुंबईहून आणलेले, सध्या पूजेत.’